साहेबांचा पासवर्ड

देवासच्या आमच्या कारखान्यात ई-मेल आला तेव्हा मी खरेदी विभागात होतो. मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पासवर्ड म्हणून आपल्या कुलस्वामिनीचं नाव ठेवलं. कामाची सुरुवात देवीच्या नावाने व्हावी म्हणून! त्यांना स्वतःला मात्र ते कधी टाइप करावं लागलं नाही. मेल उघडून छापायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि ते सांगतील ते उत्तर पाठवायचं, हे सगळं ऑपरेटर बाई करत.

साहेबांची कुलस्वामिनी कोणती, हे कॉलनीत कोणाला ठाऊक नव्हतं? नवरात्रात त्यांच्याकडे गोंधळ असे. पत्रिकेवर ठळक अक्षरांत देवीचं नाव, आणि पत्रिका शेजारच्या कारखान्यांच्या मॅनेजरांनाही जाई. वर प्रसाद वाढताना साहेब पासवर्डची गोष्ट कौतुकाने सांगत. मी एकदा म्हणालो, "साहेब, पासवर्ड बदलू या का?"

"कुलदेवता बदलायची? तुमच्या घरी बदलतात का हो?"

सगळे हसले. मला आणखी एक लाडू मिळाला.

पुढे एका मोठ्या टेंडरचे आमचे दर समोरच्या कंपनीकडे पोचले, तेही साहेबांच्याच मेलवरून. मुंबईच्या हेड ऑफिसने चौकशी करायला सांगितलं, आणि चौकशी करणार कोण, तर साहेबच. त्यांनी मीटिंग बोलावली. "मेलची सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी आहे," असं म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिलं. प्रत्येकाची म्हणजे आपल्या हाताखालच्या प्रत्येकाची, हे आम्हाला लगेच समजलं.

बाईंच्या यजमानांची इंदूरची मिल बंद पडली होती. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. त्या रडवेल्या झाल्या. "साहेब, मी कशाला भेजू? पासवर्ड तर पूर्ण कॉलनीला मालूम आहे."

"कॉलनीतली माणसं आपली आहेत, बाई."

म्हणजे बाई परक्या! चौकशी तिथेच संपली. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. आजही ते वाक्य आठवलं की फिरतं.

अहवाल मेलनेच पाठवायचा होता, आणि मेल पाठवता येणारं माणूस ऑफिसात एकच. साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी सही घ्यायला आत उभा होतो. साहेब सांगत गेले, बाई टाइप करत गेल्या: ऑपरेटर दोषी आहे, तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. मध्येच साहेबांना शब्द सुचेना, तो बाईंनीच सुचवला.

"गेला का?"

"गेला, साहेब." बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आता तरी पासवर्ड बदलून घ्या."

साहेबांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "आता कशाला? तुम्ही तर चाललात ना!"