प्रोजेक्टरसमोरचा हात

गेल्या जानेवारीत इथल्या कनाटा उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाने मला एक रविवार दुपार दिली. दिली म्हणजे, हिमवादळात तालमी बुडाल्या म्हणून संक्रांतीचं नाटक पुढे ढकललं, हॉल बुक झालेला होता, आणि माझ्याशिवाय कोणाकडेच काही तयार नव्हतं. मी दरवर्षी सुचवतो तेच पुन्हा सुचवलं. साठच्या दशकातला एक ब्रिटिश विनोदी सिनेमा. छोट्या गावातल्या बुटांच्या दुकानात काम करणारा विशीतला पोरगा, लंडनला जायची स्वप्नं, आणि प्रेमात पडायच्या प्रत्येक बेताचा बोजवारा.

"आजी-आजोबा येतात हो," मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे ना?"

"एकदम. कॉलेजात तीनदा पाहिलाय."

पत्रकावर 'सहकुटुंब या' असं छापून आलं.

मला खरी काळजी मंडळाची नव्हती, मुलीची होती. सतरा वर्षांची. सप्टेंबरात विनिपेगला शिकायला निघणार होती, आणि गेल्या तीन वर्षांत मी लावलेला एकही सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिला नव्हता. मध्येच फोन घेऊन बेसमेंटमध्ये जायची. हा सिनेमा मी तिच्या वयाचा असताना पाहिला होता. माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती, मागे बसणारं कोणी नव्हतं. पडद्यावरच्या पोराचंही तसंच. आपल्यासारखा बावळट माणूस थेट इंग्लंडातही असतो, हा केवढा दिलासा होता. ती घरातून जाण्याआधी एकदा तरी तिने माझ्या शेजारी बसून हा सिनेमा पुरा बघावा, एवढंच मला हवं होतं.

"ट्वेंटी मिनिट्स, बाबा," ती गाडीत म्हणाली. "बोअर झालं तर मी कारमध्ये बसणार."

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. त्यातली निम्मी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आली होती हे मला मान्य आहे. लहान मुलं शेजारच्या खोलीत पतंग रंगवत होती. पहिल्या रांगेत शाल गुंडाळून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. नागपुरातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दोन महिन्यांत सूर्य विसरल्या होत्या. प्रोजेक्टर मधल्या टेबलावर, त्याच्या बाजूला मी, आणि माझ्या बाजूला मुलगी. कोट न काढता बसलेली.

सिनेमा सुरू झाला आणि एक विचित्र गोष्ट झाली. पोरगा थेट कॅमेऱ्याकडे बघून आपली दुःखं सांगत होता, आणि मी मात्र मागे वर्तमानपत्राआड बसलेल्या त्याच्या बापाकडे बघत होतो. बापाला एकूण चार वाक्यं आहेत. कॉलेजात मला तो दिसलाही नव्हता.

वीस मिनिटं झाली. मुलीने घड्याळ पाहिलं. कोटाची चेन वरपर्यंत ओढली.

तेवढ्यात पडद्यावर पोरगा मैत्रिणीच्या घरी पोचला. तिचे आईवडील बाहेर गेलेले. या प्रसंगात, मला पक्कं आठवत होतं, पडदा काळा होतो आणि नुसते आवाज येतात. दिग्दर्शकाची ती कलात्मक अंधाराची कल्पना मी तीस वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आलोय.

पडदा काळा झाला नाही. चुंबन सुरू झालं आणि संपायचं नाव घेईना. तिने त्याचा टाय काढला. मग शर्ट.

आणि मला लख्ख आठवलं. पुण्याच्या आमच्या फिल्म क्लबचे सर प्रोजेक्टरपाशी हजेरीपट घेऊन उभे असायचे. हजेरी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा हात आपोआप उठला आणि भिंगासमोर गेला. पण हजेरीपट मोठा असतो, हात लहान. पडद्यावर पाच प्रचंड बोटं उमटली, अंगठीसकट, आणि बोटांच्या फटींतून प्रेमप्रकरण व्यवस्थित चालू राहिलं.

पहिल्या रांगेतून आवाज आला.

"जावईबापू, हात काढा. मला तीन पोरं झालीत, ती काय कुरिअरने आली होती का?"

पन्नास माणसं एकदम हसली. अध्यक्षीणबाईंनी पत्रकाआड तोंड लपवलं. मी हात काढला, तर मैत्रिणीचा बाप अवेळी परत आलेला आणि आमचा नायक अंगाभोवती वर्तमानपत्र गुंडाळून रस्त्याने पळत सुटलेला. तीन वेळा पाहिलेल्या सिनेमातला हा सगळ्यात विनोदी प्रसंग मी पहिल्यांदा पाहत होतो.

शेजारी मुलगी खुर्चीत वाकून हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, वेट. म्हणजे तुम्ही हे कधी बघितलंच नाही?"

"नाही. सरांचा हजेरीपट पाहिलाय."

ती पुन्हा हसत सुटली. मग सरळ बसली आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

पुढचा तासभर मी सिनेमा कमी आणि तो कोट जास्त बघितला. शेवटी पोरगा लंडनच्या गाडीत बसतो. स्टेशनवर बाप वर्तमानपत्र खाली घेतो आणि आपलं चौथं वाक्य बोलतो: सँडविच घेतलंस का. दिवे लागले तेव्हा सासूबाई वड्यांच्या रांगेत पहिल्या होत्या, आणि मुलगी अजून बसून होती. शेवटच्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "पुण्यात अजून किती मूव्हीज बघितल्या होत्या, त्या सरांसोबत?"

"चाळीस तरी असतील."

"ओके," ती म्हणाली. "सप्टेंबरपर्यंत सगळ्या बघू. हात खिशात ठेवायचा."