मामांकडे सोपवलेलं झाड

मामा म्हणजे माझे सासरे, भिकन. वय सत्तरीला टेकलेलं. कन्नड तालुक्याच्या बाजूच्या घाटात त्यांनी पन्नास वर्षं मेंढरं राखली, स्वतःची आणि लोकांचीही. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कळप विकला आणि ते शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथं त्यांना काही काम नाही, आणि काम नसलेला माणूस घरात किती जागा व्यापतो ते सुनेलाच विचारा.

माझ्या लेकीनं, सायलीनं, त्यावर तोडगा काढला. ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजला निघताना तिनं आपलं लाडकं सक्युलंट त्यांच्या हातात दिलं. एका पानापासून दोन वर्षांत तिनं ते वाढवलं होतं. जाड, गुबगुबीत पानं, कमळासारखी गोल मांडलेली. दिवाळीला येईन तेव्हा मला हे असंच पाहिजे, म्हणाली. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती पार कोरडी झाल्यावर, हे तिनं तीनदा बजावलं. मामांनी तीनदा मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्याभर पाणी ओतलं.

मी बोलले. तर म्हणाले, दारातलं जितराब तहानलेलं ठेवून आपण चहा प्यायचा, हे मला जमायचं नाही. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. पिण्याचं पाणी मी हंड्यात जपून ठेवते आणि मामा रोज त्यातलंच झाडाला घालायचे. मी तांब्या लपवला, तर स्वतःच्या पेल्यातलं अर्धं पाणी कुंडीत ओतायला लागले. आता यावर भांडायचं तरी कसं?

खरी पंचाईत केली ती त्यांच्या हातांनी. संध्याकाळी मेंढरं परत आली की एकेकीची कूस दाबून बघायची, पोट भरलं की नाही, ही जन्मभराची सवय. कूस मऊ लागली की जनावर उपाशी. तशीच ते या झाडाची पानं दाबत. गणपतीच्या सुमारास खालची पानं मऊ पडली, पिवळट दिसायला लागली. मी म्हटलं, मामा, पाणी जास्त झालंय, झाड कुजतंय. ते म्हणाले, मऊ म्हणजे पोट रिकामं. झालं, पाणी दिवसातून दोन वेळा सुरू झालं. जितकं कुजायचं तितकं मऊ व्हायचं आणि जितकं मऊ व्हायचं तितकं पाणी मिळायचं. माझ्या नाकी नऊ आले. सायली पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायची, माती बदल, उजेडात ठेव. तिचे पप्पा म्हणायचे, एका झाडापायी घरात कटकट नको. झाड माझं नाही, चूक माझी नाही, चिडचिड तेवढी माझ्या वाट्याला.

मामाही आतून हैराण झाले होते. जेवण निम्म्यावर आलं. "खुरं सडलेली मेंढरं जगवली म्या, आन् हे वीतभर झाड हाताला लागंना," असं गॅलरीत स्वतःशीच बोलायचे. दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांनी बोट लावलं आणि अख्खं झाड बुडातून मोडून पडलं. आत काळा चिखल. त्यांनी ते वर्तमानपत्रावर काढून ठेवलं आणि शेजारीच बसून राहिले.

मला ते बघवेना. आणि खरं सांगते, पोरीला तोंड द्यायलाही नको वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मामा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले, तशी मी मेलेलं झाड घंटागाडीत टाकलं, रिक्षा करून हर्सूलच्या बाजूच्या नर्सरीत गेले आणि त्याच जातीचं, त्याच मापाचं झाड आणून जुन्या कुंडीत लावलं.

मामा परत आले, कुंडीपाशी वाकले. दीडशे मेंढरांत एकेकीचं तोंड ओळखणारा माणूस, त्याला मी फसवायला निघाले होते.

"हे आपलं नाय," ते म्हणाले. "आपलं कुठंय?"

मी सांगून टाकलं. ते म्हणाले, दुसऱ्याचं मेंढरू आपल्या राखणीत मेलं, तर ओळखीची खूण केलेला त्याचा कान कापून मालकाला नेऊन दाखवायचा असतो. कान बघितला की मालकाला कळतं, मेलंय, विकून खाल्लेलं नाही. ते झाड त्यांनी सायलीला दाखवायलाच ठेवलं होतं.

"मेल्याची लाज नसती, निशा," ते म्हणाले. "कान नसल्याची असती."

मी चप्पल न घालताच खाली धावले. गाडी केव्हाच गेली होती.

धनत्रयोदशीला सायली आली. ती बॅग ठेवते न ठेवते तोच मामा पुढं झाले. म्हणाले, तुझं झाड माझ्या हातनं मेलं, हे तुझ्या आईनं आणलेलं. पोरगी हसली. जाऊ द्या हो आजोबा, सेमच तर आहे, म्हणाली आणि मोबाइल चार्जिंगला लावायला वळली. तीन महिने मी मामांवर चिडत होते. त्या क्षणी पोरीवर अशी ओरडले की ती दचकून खालीच बसली. त्यांचं सगळं ऐकून घे, म्हटलं.

मामांनी नकारार्थी मान हलवली. "काय सांगू," ते म्हणाले. "दाखवायला कायच नाय."

त्यानंतर त्यांनी त्या कुंडीला कधी हात लावला नाही. नवं झाड मस्त वाढलंय, आणि मला त्याचा राग येतो.