आबांच्या पुस्तकातली सोळा पानं

आबांच्या टेबलावर कधी कोणी मेलं नाही. जगभर हा खेळ खेळणारे लोक तळघरात, सापळ्यात, ड्रॅगनच्या तोंडी धडाधड मरत असताना जळगावात सात वर्षं एकही मृत्यू झाला नाही, आणि याचं श्रेय आमच्या शौर्याला नव्हतं. आबांकडे नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स होती. तिच्यात एकसष्ट ते शहात्तर ही पानं नव्हती, आणि मरणाचे नियम त्याच पानांवर होते.

खेळ साधा. आबा गोष्ट सांगायचे, आम्ही चौघं तिच्यातली पात्रं व्हायचो, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आबा मूळचे धरणगावचे. पुण्याला होस्टेलवर हा खेळ शिकले आणि जळगावात सरकारी कचेरीत लागले तेव्हा सोबत घेऊन आले. त्यांचा ड्रॅगन सावद्याला केळी पिकवायच्या कोठारात राहायचा, कारण तिथे गारवा असतो. फाशावर एक पडला की त्या खेळाडूने उठून कूलरमध्ये पाणी ओतायचं, हा नियमही त्यांचाच. मे महिन्यात आम्ही एक पडावा म्हणून देव पाण्यात घालायचो, कारण मोरीजवळ जरा बरं वाटायचं.

माझं पात्र पहिल्यांदा कोसळलं तेव्हा मी विचारलं, "आबा, मेलो का?"

आबांनी पानं चाळली, चष्मा पुसला. "बेशुद्ध शे," ते म्हणाले. "वरण-बट्टी द्या, उठी जाई."

तेव्हापासून आमची टोळी तलवारी कमी आणि बट्ट्या जास्त घेऊन फिरू लागली.

आबांना या खेळाच्या इतिहासावर बोलायला फार आवडायचं. पहिलं युग पातळ पुस्तिकांचं. त्यात लोक तळघरं खणायचे आणि मरायचे. दुसऱ्यात पात्रांना नावं आणि दुःखं आली. तिसरं जाड पुस्तकांचं, त्यात बेरीज-वजाबाकी फार. चौथ्यात लोक स्वतः खेळायचं सोडून दुसऱ्यांचा खेळ मोबाइलवर बघत बसतात. यातलं चांगलं कोणतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "ज्या काळमा पाच माणसं एका टेबलशी बसतस, तो बठ्ठास्मा भारी."

मी तेव्हा नियमांचा माणूस होतो. नवं रंगीत पुस्तक मागवलं, मरणाचं प्रकरण वाचलं आणि रविवारी आबांसमोर उघडून ठेवलं. "चालस तसं चालू दे ना, भो," आबा म्हणाले. मी हट्ट सोडला नाही.

त्याच दुपारी आमच्या चौघांतल्या जयश्रीचं पात्र, रेवा, कड्यावरून पडलं. जयश्री बँकेत नोकरीला होती आणि रेवाचा सगळा जन्म तिने दोनशे पानी वहीत लिहून ठेवला होता. तिने तीनदा फासा टाकला, तिन्ही वेळा हुकला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकमा काय शे?" मी वाचून दाखवलं: तीनदा हुकलं की मरण. जयश्रीने वही मिटली. शेवटच्या फाशावर एक पडला होता, म्हणून तिने कूलरमध्ये पाणी ओतलं आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

मग आम्ही तिघं उरलो, मग दोघं. आबा निवृत्त होऊन धुळ्याला मुलीकडे गेले. धुळं काही लांब नाही, तरी दोन वर्षं मी गेलो नाही. कामं होती असं सांगत असे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

आबा वारल्याचं कळलं तेव्हा गेलो. त्यांच्या मुलीने चहा दिला आणि कपाटातून एक फाइल काढून दिली. "तुम्हालाच द्यायला सांगितली होती," ती म्हणाली.

फाइलमध्ये सोळा पानं होती, एकसष्ट ते शहात्तर. कडेला पंच करून दोऱ्यात ओवलेली, एकही दुमडलेलं नाही. पहिल्या पानावर लाल शाईत, कचेरीच्या अक्षरात शेरा होता: 'जळगाव जिल्ह्यास लागू नाही.' खाली सही.

धुळ्याच्या स्टँडवर बाकावर बसून मी बराच वेळ रडलो. मग जयश्रीला फोन लावला.

"बोल," ती म्हणाली.

"रेवा बेशुद्ध शे," मी म्हणालो.

एक बस लागली, भरली, निघून गेली.

"वरण-बट्टी कोण करणार?" तिने विचारलं.

"मी."

"मग नाही उठायची ती," जयश्री म्हणाली, आणि तिने विचारलं, कोणत्या रविवारी.