तुसावरची भट्टी

हे गेल्यानंतर भवानी पेठेतली आमची भाताची गिरणी मी एकटीच चालवायला लागले. भरडायला एक माणूस यायचा, तो दुपारीच घरी जायचा. मग माझ्याशी बोलायला कुणी नसायचं.

इडलीवाल्यांना उकडा तांदूळ लागतो, त्यासाठी भात आधी वाफवावा लागतो. त्या भट्टीला मी लाकडं आणायची आणि भाताचं तूस मात्र अंगणात नुसतं साठत होतं. ढीग पत्र्याला टेकला. वारा सुटला की शेजारच्या पद्मशाली अक्कांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ते उडून बसायचं.

तुसावर भट्टी पेटवायची, हे ह्यांच्या मनात फार दिवस होतं. ते राहूनच गेलं. म्हटलं, आपण करून बघू.

माझ्या माहेरी भुशाची शेगडी होती. बुडाशी भोक पाडलेल्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढली की हवेला वाट होते. तसंच मी मोठ्या पिंपात पाइप उभा करून तूस ठासलं. पहिल्या दिवशी खालचं भोक बुजलं आणि गल्लीभर धूर झाला. अक्का दारात येऊन ओरडल्या, "लई धूर होतोय की हो! पोरं खोकतायत!"

मी पाणी ओतून सगळं विझवलं. दुसऱ्या खेपेला भोक मोठं पाडलं, खाली विटा लावल्या. या वेळी आतून लालभडक निखारा धरला, धूर नावाला. वरच्या हंड्यातला भात वाफेनं टम्म फुगला.

मुलाला बंगळुरूला फोन लावला.

"छान केलंस आई. मीटिंग आहे, नंतर बोलू?"

"बोलू की," मी म्हटलं.

चारेक दिवसांनी अक्का कुंपणापाशी आल्या. "ताई, धूर दिसंना. भट्टी बंद केली व्हय?"

"नाही हो, चालूच आहे. तुसावर. या ना, दाखवते."

"नको, कुकर लावलाय," म्हणत त्या आत गेल्या.

आता लाकडं आणावी लागत नाहीत. तांदूळ सडताना निघणारा कोंडा सांगोल्याचा शेळ्यावाला नेतो, राख कुंभार नेतो. ढीग बराच उतरलाय. संध्याकाळी भट्टी निवेपर्यंत मी तिच्याजवळ बसते. घरात जायची घाई नसते.