घिवलीची फिल्म मी आणलेली नाही

हे लिहायचं कारण सरळ आहे. जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या आमच्या गटात कुणीतरी लिहिलं की, मी घिवलीच्या एका मच्छीमार बाईंकडून घरगुती चित्रीकरणाची दुर्मिळ फिल्म उचलून आणली आणि आता ती कुणाला दाखवत नाही. त्याखाली पुष्कळांनी हळहळही व्यक्त केली. एकेकाला फोनवर खुलासे देण्याचा मला कंटाळा आहे. म्हणून झालं ते क्रमानं लिहिते. त्या बाजूला जाणाऱ्यांना रस्त्याची माहितीही मिळेल.

नवीन वाचकांसाठी आधी थोडं. मी खेळण्यातले फिल्म व्ह्यूअर जमवते. हे प्लास्टिकचं, दुर्बिणीएवढं यंत्र असतं. त्यात फिल्मची छोटी डबी सरकवायची, यंत्र उजेडाकडे धरायचं, डोळा लावायचा आणि बाजूचा दांडा फिरवायचा. वीज नाही, बॅटरी नाही. आपण जितक्या जोरात फिरवू तितक्या जोरात आतला उंदीर पळतो. उलटं फिरवलं तर उलटा पळतो. डबीतल्या फिल्मची दोन्ही टोकं जोडलेली असतात, त्यामुळे सिनेमा संपला की पुन्हा सुरू होतो. माझ्याकडे कपाटभर आहेत.

जानेवारीत बोईसरजवळच्या सरावलीहून रेखा नावाच्या वाचक मुलीचा निरोप आला. ती मूळची जळगावकडची, नवरा बोईसरच्या कारखान्यात. तिनं लिहिलं होतं : "मॅडम, आमच्या सुक्या मासळीवाल्या मावशींकडे तुमच्या फोटोतल्यासारखं मशीन आहे. त्यात त्यांच्या आईचा सिनेमा आहे. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तो दिसत नाही. मशीन बिघडलंय. दुरुस्त होईल का?"

बाजारात मिळणाऱ्या डब्यांत उंदीर, कुत्री आणि घसरून पडणारे पोलीस असतात. कुणाची आई नसते. घरी भरलेली डबी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. मी निघाले ती दुरुस्ती करायला आणि जमलं तर डबी मागायला. हेही लिहून टाकते, म्हणजे कुणी शोधून काढायला नको.

नाशिकहून पालघरची एसटी जव्हार, विक्रमगड, मनोर करत जाते. बायकांना अर्धं तिकीट. ज्यांना गाडी लागते त्यांनी मोखाड्याच्या आधी काही खाऊ नये; वळणं संपता संपत नाहीत. जव्हारला गाडी चहासाठी थांबली. चहा गोड, भजी गरम, स्वच्छतागृहाबद्दल मी लिहीत नाही. पालघरला उतरून दुसऱ्या एसटीनं बोईसर गाठलं.

बोईसरमध्ये स्टेशनजवळ लॉज पुष्कळ आहेत. खोली आधी पाहून घ्या, आतून कडी लागते की नाही ते तपासा आणि मगच पैसे द्या. माझ्या लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं पिशवीतून डोकावणारं यंत्र पाहिलं.

"मॅडम, ये बंदूक है क्या?"

"सिनेमा है. देखो."

दिव्याकडे तोंड करून त्यानं दांडा फिरवायला सुरुवात केली. मागे दोन गिऱ्हाईकं किल्लीसाठी उभी. त्यातला एक म्हणाला, "भाईसाब, कमरा दोगे या पिक्चर छूटने का इंतजार करें?" काउंटरवाला डोळा न काढता म्हणाला, "रुको यार, कुत्ता अभी गिरनेवाला है."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा लॉजवर आली. सडसडीत, बोलकी मुलगी. शेअर रिक्षानं तारापूरच्या रस्त्याला लागलो. आधी कारखाने, त्यांचे वास, पाळी सुटलेल्या माणसांच्या सायकली. मग मोकळी शेतं, ताडाची झाडं आणि अचानक वीजकेंद्राची लांबच लांब भिंत. त्या भिंतीच्या आसपास फोटो काढू नका. मी काढत नव्हते, तरी रिक्षावाल्यानं बजावलं.

घिवलीत शिरलं की समुद्र दिसायच्या आधी वास येतो. खांबांमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले होते. रेखानं ओढणी नाकाला लावली.

"ए घाटीण!" दोऱ्यांमागून आवाज आला. "खाताना गोड लागतं नी आता नाक धरतेस?"

त्या हिराबाय. साठीच्या पुढच्या, काटक, हिरवं लुगडं, हातात कावळे हाकलायची काठी. मला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"याच काय मशीनवाल्या? मला वाटलं कुनी मेकॅनिक येल."

"मीच मेकॅनिक."

"मंग बसा बाय. हात नंतर घान करा, आदी खावा."

तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि जवळ्याची चटणी. मला काट्यांची धास्ती असते. बोंबलात तशी भीती नाही. या गावात खानावळ शोधत बसू नका. कुणाकडे तरी आधी सांगून ठेवा.

जेवताना हिराबायनं सांगितलं. वीजकेंद्राच्या कॉलनीत एक साहेब राहत, परदेशी जाऊन आलेले. हिराबायची आई त्यांच्याकडे मासळी द्यायची. साहेबांकडे छोटा फिल्मचा कॅमेरा होता. एकदा त्यांनी किनाऱ्यावर येऊन आईला बोंबील वाळत घालताना टिपलं. बदली झाली तेव्हा मुलांचं खेळणं त्यांनी लहान हिराला दिलं आणि एक डबी उघडून तिच्यात ही फिल्म भरून दिली.

"दुसऱ्याच पावसात आय गेली. कावीळ झाली व्हती. फोटू तिचा येक पन नाय. कोन काडनार तवा? येवडाच शिनेमा. नातवाचं लगीन हाय बैशाखात. नव्या सुनेला दाकवीन म्हनते, ही बग तुजी पनजीसासू."

यंत्र त्यांनी पत्र्याच्या डब्यातून काढलं. पिवळं, दांडा घट्ट, पण शाबूत. फिल्मच्या डबीचं झाकण कधीच निखळलेलं, म्हणून ती जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली. ती गाठ मला सुटेना. हिराबायनं अंगठ्याच्या एका झटक्यात सोडली. मी यंत्र पुसलं, दात्यांना तेलाचा थेंब दिला, डबी सरकवली आणि आकाशाकडे धरून पाहिलं.

पांढरं. दांडा फिरत होता, फिल्म टिकटिक सरकत होती आणि सगळं पांढरं.

मग माझी कुत्र्याची डबी त्याच यंत्रात घातली आणि हिराबायच्या हातात दिली.

"दिसतं!" त्या ओरडल्या. "कुत्रा दिसतं! धावतं बग कसं!" मग दांडा थांबला. "मंग आय का नाय दिसत?"

"शेवटी नीट कधी दिसली होती?"

"लई वरसं झाली. फिक्की फिक्की होत गेली. मला वाटलं डोल्यावर पडदा आला, म्हनून तर डोला कापून घेतला."

"फिल्म ठेवता कुठे?"

"बरी ठेवते ना! दरसाल ऊन दाकवते. पावसाच्या आदी, सुक्याबरोबर. डबीतून काडून दोरीवर टांगते. नायतर बुरा लागंल."

रेखा हसायला लागली आणि माझ्याकडे पाहून थांबली.

"फिल्मला ऊन?" माझा आवाज चढला. "अहो, फिल्मला कुणी ऊन दाखवतं का?"

"मंग काय दाकवतात?"

ज्या घरात वर्षभराचं सगळं उन्हानंच टिकतं, तिथं जपायची वस्तू दुसरी कशानं टिकवणार? हिराबाय माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "बाय, खरं सांगा. कशानं गेली?"

रेखानं माझ्या पायाला पाय लावला. पण मला गोलगोल बोलता येत नाही.

"उन्हानं," मी म्हटलं.

त्या उठल्या. दोरीवर कावळा नव्हता, तरी काठी हलवून आल्या. परत बसल्या तेव्हा म्हणाल्या, "पन बुरा नाय लागू दिला."

"नाही लागला," मी म्हटलं. ते खरंच होतं. इतक्या वर्षांची फिल्म आणि बुरशीचा एक डाग नाही.

मग मी विचारलं, ती दोरीवर टिकायची कशी? वाऱ्यानं उडायची नाही?

"उडंल कशी? चिंधीनं बांदायची. येका जागी जरा फाटली हाय, तिथं चिंधी गुंडालायची नी दोरीला गाठ. दरसाल तिथंच."

मी हातमोजे चढवले. हिराबायकडून धुतलेलं पांढरं धोतर मागून ओटीवर अंथरलं आणि फिल्म इंचाइंचानं उलगडत गेले. कोरी. कोरी. पिवळट. कोरी. आणि मग ती फाटलेली जागा आली. तिच्या दोन्ही बाजूंना, मिळून जेमतेम चार बोटं, रंग होता. तांबूस झालेला, पण रंग. भिंग लावलं. चौकटीचं लुगडं, मागे दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील आणि वळून पाहणारी एक बाई.

"हिराबाय," मी म्हटलं, "चिंधीखालची राहिली आहे."

त्यांनी भिंग घेतलं नाही. "आदी मशीनमदी घाला," म्हणाल्या. "हालली तर ती आय. नायतर काय, चित्र."

कोरी फिल्म ठिसूळ झाली होती आणि उलगडताना तिची दात्यांत बसणारी कडेची भोकं तुटली होती. यंत्रात ती आता अडकत होती. चार बोटांची फिल्म एकटी फिरत नाही, तिला धरायला चांगली फिल्म लागते. माझ्याजवळ चांगली एकच होती, कुत्र्याची. ती डबी मूळ खोक्यासकट माझ्याकडे होती आणि अशी पुन्हा मिळेल असं वाटत नाही. मी हत्यारांच्या पिशवीतून कात्री काढली.

"कातर कुनाला?" हिराबायनं माझं मनगट धरलं. "आयला?"

"कोऱ्या पट्टीला, मावशी," रेखा म्हणाली. "आणि कुत्र्याला. आईला धक्का नाही लागणार."

मनगट सुटायला वेळ लागला. मी कुत्र्याची फिल्म कापली, मधे ती चार बोटं बसवली, फाटलेल्या जागी आणि सांध्यांवर पारदर्शक पट्टी चिकटवली. रेखानं श्वास रोखून टोकं धरली होती. हात चांगला आहे मुलीचा. डबी बंद केली, यंत्रात सरकवली आणि न बघता हिराबायकडे दिली. पहिली पाहणारी मी असायचं कारण नव्हतं.

दांडा फिरू लागला. कुत्रा आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "ह्याला कशाला ठेवला?" मग त्यांचा हात थबकला. दांडा उलटा गेला, पुन्हा सुलटा. अगदी सावकाश. नेहमीच्या वेगानं फिरवली तर ती फिल्म पापणी लवेपर्यंत संपते. त्यांनी ती केवढी तरी लांबवली.

"कुत्र्याला हाकलते," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. "बग ग रेखा, हाकलते! मासलीजवल येऊ द्यायचीच नाय कुत्र्याला!"

आम्ही दोघींनी पाळीपाळीनं पाहिलं. कुत्रा धावत येतो, बाई वळते, हात उगारते आणि कुत्रा पळत सुटतो. जोडताना माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

हिराबायनं पुन्हा यंत्र घेतलं. बऱ्याच वेळानं डोळा न काढता म्हणाल्या, "डावा हात उचलते. आय डावरी व्हती. मी इसरलेली."

फिल्म उलटी जोडली गेली नाही ना, म्हणून मी भोकांची बाजू पाहून घेतली. सुलटीच होती. आई डावरीच होती.

डबी मागायचा विषय मी काढला नाही. निघताना कोरी पट्टी मात्र मागितली. अशा फिल्मचं काय होतं ते संग्राहकांना दाखवता आलं असतं. हिराबायनं ती हाताभोवती गुंडाळून घेतली होती.

"ही नको बाय. हिच्यातपन ती हाय. दिसत नाय येवडंच."

मी त्यांना फोटोकागदाचं काळं, उजेड न शिरणारं पाकीट दिलं आणि ती त्यातच ठेवायला सांगितलं. "ऊन नाही," मी म्हटलं. "वाऱ्यावर, सावलीत."

"सावलीत," त्या म्हणाल्या, धडा घोकल्यासारख्या.

परतीला बोईसरहून दुपारच्या रिकाम्या लोकलनं उमरोळीवरून पालघर आणि तिथून एसटी. मनोरच्या पुढे शेजारच्या बाईनं विचारलं, पिशवीत काय आहे हो, वास येतोय. मी बोंबील म्हटलं. ती म्हणाली, "कुठून घेतले? चांगले दिसतात," आणि मग जव्हारपर्यंत आम्ही सुक्या मासळीवरच बोललो.

घरी येऊन आठवडा झाला. कपाटातल्या डब्या मी एकेक करून पाहिल्या. सगळे पळताहेत, पडताहेत, पुन्हा उठताहेत. पूर्वी मी दांडा जोरात फिरवायची, गंमत त्यातच असते. आता हात आपोआप सावकाश चालतो आणि उंदराचंही तोंड नीट पाहिलं जातं. रेखाला मी माझा जुना फिल्म जोडायचा संच पाठवते आहे. सांधा सुटला तर तिनं जायचं, असं तिचं तिनंच ठरवलं आहे.

आता देवाणघेवाणीची नोंद, गटातल्या सर्वांसाठी.

हिराबायना दिलं : त्यांचाच पिवळा व्ह्यूअर, साफ करून, चालू स्थितीत. माझ्या संग्रहातली एक डबी, आत कुत्रा आणि आई. काळं पाकीट एक. कात्री, कारण ती त्यांना आवडली.

मला मिळालं : सुके बोंबील, एक जुडी. जवळा, एक पुडी.

उरलेली कोरी फिल्म हिराबायकडे आहे, सावलीत. ती कुणीही मागायला जाऊ नये.