तिकिटाएवढा नकाशा

काल मी आमची सगळी फौज ओसाड समुद्रकिनाऱ्यावर पाठवली आणि राजधानी गमावली. लेकीच्या जोडीने तिच्या मामेभावांविरुद्ध कंप्युटरवर लढाई खेळत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा नकाशा. त्यावर माउसचं डावं बटण दाबलं की ती जागा दिसते, उजवं दाबलं की फौजच तिकडे निघते. मला किनारा नुसता बघायचा होता. निदान कंप्युटरने एकदा विचारायचं तरी, खरंच जायचंय का म्हणून! पण माझं कायमच असं. सोसायटीच्या सभेत नुसता डोकावलो आणि सचिव होऊन परतलो. तिकडे सैनिक लाटा मोजत उभे, इकडे राजधानीत उरल्या फक्त फौजेच्या जेवणासाठी पाळलेल्या मेंढ्या.

लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुम्ही मेंढ्याच राखा. नकाशाला हात लावायचा नाही."