पाचकाच्या डबीतली गोळी

वारज्याला पोहोचेपर्यंत मी प्रत्येक सिग्नलला एकेक धीराचं वाक्य पाठ केलं आणि दारात सगळी विसरलो. माझ्या तरुण मित्राचा फोन आला होता, "काका, आईने माझी गोळी खाल्ली." एरवी काका म्हटलं की मी आठवडाभर अबोला धरतो. त्या दिवशी सोडून दिलं.

गोळी म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आमच्यासारखे, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष घेतात ती, प्रेप. याच्या मित्रमंडळींत ती घेणारा एक तर आजारी ठरतो, नाही तर उंडगा. माझ्या तरुणपणी ती मिळाली असती तर मी दागिन्यासारखी मिरवली असती. माझ्यासोबतचे काही जण आज असते. याने मात्र ती पाचक गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून ठेवली. अमरावतीहून आलेल्या आईचं जेवणानंतर पोट जड झालं आणि तिने नेमकी तीच डबी उघडली.

तो स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझाऱ्या घालत होता. डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून फोनही केला नव्हता. मी बाल्कनीत जाऊन केला. ते म्हणाले, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर एका गोळीने काही होत नाही. मग चहा पिता पिता मी आईंच्या तब्येतीची इतकी चौकशी केली की त्यांना मी विमा एजंटच वाटलो असेन. त्रास नव्हता. तरी याच्या येरझाऱ्या चालूच.

आई मात्र खूश होत्या. पोट हलकं झालं होतं म्हणे.

"हे डबी मी गावाले नेतो. तुह्या मावशीलेबी देतो."

माझ्याकडे एक देखणी थाप तयार होती. मी घसा खाकरला. तेवढ्यात तो बोलला.

"आई, ती पोटाची नाही. मला एचआयव्ही होऊ नये म्हणून मी घेतो."

आईंनी डबी मांडीवर ठेवली. "झाला काय तुले?"

"नाही. होऊ नये म्हणून."

"मंग लपवतं कायले?"

आईंनी एवढी वर्षं न विचारलेलं त्या क्षणीही विचारलं नाही. डबी उघडून गोळी त्याच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला. त्याने उभ्याउभ्याच घेतली.

मग त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"अन् तुमी, भाऊ?"

"सकाळीच घेतली," मी म्हणालो आणि उगाचच चपला शोधू लागलो.